घरातून काम : कामही नीट व्हावे आणि प्रकृतीही टिकावी, यासाठी तुम्ही काय व्यवस्था केली आहे?

कोलशेतकर (धागाकर्ता)

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा घरातून काम करणे ही आपल्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने चार दिवसांची सोय होती. जेवणाच्या टेबलाचे एक टोक मोकळे केले, तिथे लॅपटॉप मांडला आणि काम सुरू झाले. पुढे कार्यालये उघडली, ऐरोली-महापेकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस पुन्हा भरून धावू लागल्या, तरीही ठाणे आणि नवी मुंबईतल्या असंख्य घरांत आठवड्याचे दोन-तीन दिवस, काही घरांत पाचही दिवस, काम घरातूनच चालते. सोय कायमची झाली. टेबलाचे टोक मात्र अनेकांकडे अजून तेच आहे.

या विषयावर जे काही आपल्यापर्यंत पोहोचते त्यात बहुधा शिस्तीचा उपदेश असतो : पहाटे उठा, कामांची यादी करा, मोबाइल दूर ठेवा. त्यात वावगे काही नाही, पण खरे दुखणे तिथे आहे असे मला वाटत नाही. कार्यालय आणि तिथवरचा प्रवास आपली बरीच कामे आपल्याला न विचारता करत होता. ठाणे स्थानकात पुलाच्या पायऱ्या चढून ९ किंवा १० क्रमांकाच्या फलाटावर उतरायचे, ठाणे-नवी मुंबई जोडणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकल मार्गाच्या गाडीने ऐरोली किंवा रबाळे गाठायचे आणि स्थानकापासून इमारतीपर्यंत चालत जायचे, याला कोणी व्यायाम म्हणत नव्हते. तरी तो घडत होता. गाडीच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसे आणि डोळ्यांना पडद्यापलीकडचे काही पाहायला मिळे. कँटीनमधले जेवण दोननंतर संपायचे, म्हणून जेवणाची वेळ पाळली जाई. साडेसहाची बस चुकली की हाल व्हायचे, म्हणून काम संपलेले नसले तरी थांबायचे. घरी बसल्यावर ही सगळी यंत्रणा एका दिवसात गेली आणि तिचा सगळा भार आपण इच्छाशक्तीवर टाकला. ती बिचारी कुठवर पुरणार?

तेव्हा जे पूर्वी आपोआप होत होते ते आता मुद्दाम ठरवून करावे लागते, आणि घर काही आपल्या एकट्याचे नसते, त्यामुळे ते घरातल्या इतरांना विचारूनच ठरवावे लागते, अशा निष्कर्षापर्यंत मी आलो आहे. मी सकाळी लॉगिन करण्यापूर्वी कपडे बदलून सोसायटीच्या फाटकाबाहेर पडतो, कोलशेत रस्त्याने अर्धा तास चालून येतो आणि घरात आल्यावर तडक खुर्चीत बसतो. पावसाळ्यात रस्त्यावर चालणे अवघड होते, तेव्हा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या रांगांमधून फेऱ्या मारतो. हा प्रकार अतिशय कंटाळवाणा आहे, पण पाय चालतात. संध्याकाळी लॅपटॉप चार्जरसकट कपाटात जातो, कारण तो टेबलावर राहिला की जेवणानंतर 'एकच मेल' पाहण्यासाठी हात तिकडे वळतो.

एवढे बसले आहे. मान, डोळे, एकाग्रता आणि घरातली शांतता यांबाबत मात्र प्रश्न आहेतच. आपापली व्यवस्था सविस्तर लिहावी, ही विनंती. उपदेशापेक्षा तपशील उपयोगी पडतील.

मणका

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, त्यामुळे मानेपासूनच सुरुवात करते.

लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, आणि सगळी अडचण तिथेच आहे. हात योग्य उंचीवर ठेवावेत तर मान खाली झुकते. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर खांदे वर चढतात. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. डोके खांद्यांच्या रेषेत असते तोवर ते वजन मणक्यांवर सरळ तोलले जाते, पण ते पुढे झुकले की मानेच्या मागच्या स्नायूंना ते तासन्‌तास ओढून धरावे लागते. म्हणून महागड्या खुर्चीचा विचार करण्याआधी वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावा, आणि लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर इतका उंच ठेवावा की पडद्याची वरची कडा डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली येईल. पडदा साधारण हाताच्या लांबीइतका दूर असावा. ज्यांना दूरचा आणि जवळचा असा एकत्र नंबर असलेला चष्मा आहे त्यांनी पडदा यापेक्षा थोडा खाली ठेवावा, नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी ते नकळत हनुवटी वर करतात आणि मान मागच्या बाजूने आखडते.

आता टेबलाचे पाहू. आपल्याकडच्या जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ३० इंच असते. पाच फूट दोन इंच उंचीची बाई साध्या खुर्चीत तळवे जमिनीला टेकवून बसली तर तिचे कोपर जमिनीपासून जेमतेम २४-२५ इंचांवर येते. म्हणजे ते टेबल तिला पाच-सहा इंच उंच पडते आणि दिवसभर खांदे उचलून टायपिंग करावे लागते. संध्याकाळी 'मान भरून आली' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणींच्या बाबतीत मूळ या पाच इंचांत असते. टेबलाचे पाय कापणे शक्य नसेल तर बसण्याची जागा उंच करावी. त्यासाठी फोमची मऊ उशी निरुपयोगी ठरते, कारण ती दबून जाते; जाड सतरंजीच्या घट्ट घड्या चांगल्या. मग पाय लोंबकळू लागतात, म्हणून पायांखाली जेवायला बसण्याचा जुना लाकडी पाट ठेवावा. एक पुरत नसेल तर एकावर एक दोन ठेवावेत, फक्त ते घसरणार नाहीत याची खात्री करून घ्यावी. कोपराचा काटकोन झाला, मनगट सरळ राहिले आणि मांड्यांच्या मागे खुर्चीची कडा रुतली नाही, की मांडणी जमली असे समजावे.

डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ जो २०-२०-२० चा नियम सांगतात तो पाळण्याजोगा आहे : दर २० मिनिटांनी किमान २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. आपल्या खोल्या २० फूट लांब नसतात, तेव्हा खिडकीबाहेरच पाहावे लागेल. जवळचे पाहताना डोळ्यातला जो स्नायू सतत आकुंचित राहतो त्याला त्या वेळात ढिले पडता येते. पडद्याकडे पाहताना पापण्या मिटण्याचे प्रमाणही बरेच घटते आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून एसीचा किंवा पंख्याचा झोत सरळ चेहऱ्यावर घेऊ नये.

शेवटी एक सूचना. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल होऊन वस्तू हातातून निसटत असतील, किंवा दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, तर चित्रफिती पाहून व्यायाम करत बसू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे.

सीवूड्सवासी

मणकाताई, प्रतिसाद फारच उपयुक्त आहे. दोन शंका आहेत. उभे राहून काम करण्याची टेबले हल्ली बरीच विकली जातात, ती घ्यावीत का? आणि मी दिवसभर खिडकीशेजारी उन्हात बसतो, तरी तपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघाले, हे कसे?

मणका

खिडकी बंद असेल तर काचेतून ऊब आणि उजेड येतो, परंतु त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच जवळजवळ पूर्णपणे अडवते. बाहेर जावे लागेल, आणि तेही ऊन वर आलेले असताना. कोवळ्या उन्हात ते किरण फारच कमी असतात. गोळ्या किती आणि किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरांनाच विचारावे.

उभ्याच्या टेबलाबद्दल इतकेच सांगेन की दिवसभर उभे राहणेही दिवसभर बसण्याइतकेच चुकीचे आहे; पायांच्या शिरांवर ताण येतो, टाचा दुखतात. शरीराला बदल हवा असतो. पैसे खर्च करण्याऐवजी ज्या मीटिंगमध्ये फक्त ऐकायचे असते ती उभ्याने किंवा घरात चालत ऐकावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली आहे. कोलशेतकरांचा अर्धा तासाचा फेरा आठवड्यातून पाच दिवस झाला आणि चालण्याला थोडा वेग असला, तरी त्यातली खालची मर्यादा गाठली जाते.

तिसरा मजला

मी कोपरखैरण्यात राहते. एक बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघर एवढे घर. त्यात आम्ही दोघे, सासूबाई आणि दुसरीतला मुलगा. कोलशेतकरांनी 'घरातल्या इतरांना विचारून' असे जे लिहिले आहे त्यावरच मला लिहायचे आहे, कारण माझ्या मते घरातून काम करण्याचा निम्माअधिक ताण खुर्ची-टेबलातून न येता 'घरीच तर आहेस' या तीन शब्दांतून येतो.

पुरुष घरातून काम करतो तेव्हा तो कामावर असतो. बाई घरातून काम करते तेव्हा ती घरी असते, असा एक अलिखित समज आपल्याकडे आहे, आणि तो केवळ सासू-सासऱ्यांचा नसतो. माझ्या बाबतीत तर सगळा मजलाच तसे मानत होता. समोरच्यांचे कुरियर, शेजारच्यांचा गॅस सिलिंडर, वरच्यांच्या कामवाल्या मावशींसाठी ठेवलेली किल्ली, सगळे माझ्याकडे. वॉचमनने इंटरकॉमवर विचारायचे आणि मी मीटिंगमधून उठून दार उघडायचे. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाचे काम एकेक मिनिटाचे होते. पण हिशेबाचे काम करताना अशा एका मिनिटानंतर पुन्हा त्याच ओळीवर यायला बराच वेळ जातो, हे सांगितल्याशिवाय कोणाला कळण्याचे कारण नव्हते.

आम्ही जे केले ते अगदी साधे आहे. रविवारी रात्री चौघांनी बसून पुढच्या आठवड्याच्या वेळा ठरवायच्या आणि फ्रिजशेजारच्या कालनिर्णयच्या चौकटींत लिहायच्या : माझी महत्त्वाची मीटिंग कधी, यांचे काम कधी, मुलाचा गृहपाठ कधी, सासूबाईंची दुपारची झोप कधी. शेवटची नोंद महत्त्वाची आहे. त्यांची विश्रांती आणि त्यांची मालिका यांनाही त्या कॅलेंडरवर आमच्या मीटिंगइतकीच जागा मिळाली, तेव्हापासून ती व्यवस्था त्यांना लादलेली वाटेनाशी झाली. आता साडेअकराच्या मीटिंगआधीच कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात, आणि त्या मीटिंगमध्ये दार वाजले तर त्या स्वतः उठून 'ती ऑफिसात आहे' असे सांगतात. मी त्या वेळी पलीकडच्या खोलीत असते. मुलासाठी नियम असा आहे की कानात इअरफोन असतील तर बोलायचे नाही, पण पाटीवर लिहून दाखवायला परवानगी आहे. तो लिहितो, 'भूक'. पाच मिनिटांनी पुन्हा लिहितो, 'खूप भूक'.

शेजाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगावे लागले. सोसायटीच्या ग्रुपवर सामान्य संदेश टाकून काही होत नाही. प्रत्येकाच्या दाराशी जाऊन 'अकरा ते एक आणि तीन ते पाच मला जमणार नाही, पाचनंतर आनंदाने घेईन' असे सांगितले. एक घर थोडे रुसले. बाकीच्यांनी वॉचमनच्या टेबलाशेजारी कुरियरसाठी एक रॅक ठेवून घेतले.

खाण्याचेही लिहिते. घरी असल्यामुळे फरसाणाचा डबा सतत हाताशी असतो आणि जेवण मात्र तीनपर्यंत लांबते. मी सकाळी यांचा डबा भरताना माझाही भरते, तस्साच, पोळी-भाजी, उसळ आणि ताकाची बाटली, आणि एक वाजता तो उघडते. गरम करण्याच्या निमित्ताने ओट्याशी गेले की दुसरी चार कामे दिसतात, म्हणून डबाच बरा.

रात्रपाळी

आमच्यासारख्या अमेरिकी वेळेनुसार काम करणाऱ्यांचा विचार या चर्चेत व्हावा, म्हणून लिहितो. घणसोलीत राहतो. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेसात. वर्षातून दोनदा घरातले जेवण, मुलांची झोप आणि माझी शिफ्ट यांचा सांधा त्या एका तासाने निखळतो. घड्याळ त्यांचे सरकते, हाल आमचे होतात.

कार्यालयात होतो तेव्हा कंपनीची गाडी पहाटे सोडायची आणि सगळी पाळी एकत्र जागी असायची. घरी रात्री दोन वाजता मी एकटाच जागा असतो. सर्वांत कठीण भाग दिवसा झोपण्याचा आहे, कारण शरीराचे आतले घड्याळ उजेडावर चालते आणि इमारतीत दहा वाजले की कुठेतरी ड्रिल मशीन सुरू होते. मी खिडकीला दुहेरी जाड पडदा लावला आहे. पहाटे साडेचार ते साडेअकरा ही माझी सलग झोप मानली जाते आणि त्या वेळात घरची मंडळी मला हाक मारत नाहीत, अगदी पाहुणे आले तरीही. सुट्टीच्या दिवशी पूर्णपणे दिवसाच्या वेळापत्रकावर उडी मारण्याचा मोह होतो, पण मग सोमवारी प्रवासाचा शीण आल्यासारखे होते; त्यामुळे रविवारीही दोन वाजेपर्यंत जागतो.

कॉफीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शरीरातले कॅफिन निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे रात्री साडेअकराला घेतलेल्या कॉफीतले निम्मे कॅफिन झोपायच्या वेळी रक्तात असतेच. मी शेवटची कॉफी नऊला घेतो. मुख्य जेवण शिफ्टपूर्वी, आणि रात्री एकच्या सुमारास दही-पोहे किंवा मुगाचे धिरडे असे हलके काही. मध्यरात्री नूडल्सवर राहिल्याने सहकाऱ्यांना जो पित्ताचा त्रास होतो तो मला या वेळापत्रकामुळे होत नाही. उठल्यावर अर्धा तास उन्हात चालतो. मणकाताईंचे काचेबद्दलचे वाक्य वाचून ते गॅलरीच्या काचेआड बसणाऱ्या दोन मित्रांना पाठवले आहे.

पारसिक

मी थोडा विरोधी सूर लावतो. मला पर्याय मिळाला तेव्हा मी आठवड्याचे चार दिवस कार्यालयात जाणे पत्करले. वर जे सगळे लिहिले आहे ते वाचून वाटते की आपण कार्यालयाची एकेक वीट घरात नेऊन रचत आहोत. मग कार्यालयच काय वाईट?

या विषयावर सर्वाधिक उल्लेख होतो तो अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा. सीट्रिप या चिनी प्रवासकंपनीच्या शांघायमधील कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांवर नऊ महिने हा प्रयोग झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, एवढेच वाक्य सगळीकडे फिरते. पण त्यातले सुमारे नऊ टक्के पाळीत प्रत्यक्ष काम केलेली मिनिटे वाढल्यामुळे होते, म्हणजे मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे. मिनिटागणिक अधिक कॉल घेतल्याचा वाटा केवळ चार टक्क्यांचा होता. शिवाय प्रयोगात तेच लोक घेतले होते ज्यांनी स्वतःहून नाव दिले होते आणि ज्यांच्या घरी कामासाठी स्वतंत्र खोली होती. कोपरखैरण्याच्या एका बेडरूमच्या घरात चौघे राहतात त्यांना ते १३ टक्के कसे लागू करायचे? प्रयोगात घरून काम करणाऱ्यांना तितक्याच कामगिरीवर बढती मिळण्याचे प्रमाणही घटले होते. प्रयोगानंतर पुन्हा निवड करू दिली तेव्हा अर्ध्याहून अधिक जणांनी आपली निवड बदलली.

मला स्वतःला घरात एकटेपणा जाणवत होता. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला 'हे बघ ना जरा' म्हणून दोन मिनिटांत सुटणारी अडचण घरी मीटिंग लावून अर्ध्या तासाची होते. नवीन लागलेल्या मुलांचे तर फार नुकसान होते, कारण वरिष्ठ फोनवर ग्राहकाशी कसे बोलतात ते त्यांच्या कानावर पडतच नाही.

कोलशेतकर

पारसिक, तुमचा स्वतंत्र खोलीचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र त्याच कंपनीतला पुढचा अभ्यासही पाहावा. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तो २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १,६१२ कर्मचारी होते आणि त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास लोकांना आठवड्याचे दोन दिवस घरून काम करू दिले होते. त्यात कामगिरीवर आणि बढतीवर विपरीत परिणाम दिसला नाही, आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. म्हणजे नवशिक्यांबद्दलची आणि बढतीबद्दलची तुमची काळजी पाचही दिवस घरी बसण्याला अधिक लागू पडते, दोन दिवसांना तितकी नाही. विटा रचण्याबद्दल म्हणाल तर घोडबंदर रस्त्यावरची वाहतूक कोंडी ही वीट मी मुद्दाम मागे ठेवली आहे.

नौपाड्याची अनुवादिका

टाळेबंदीच्या कितीतरी आधीपासून मी घरातूनच काम करते, त्यामुळे मला कार्यालयाची उणीव भासण्याचा प्रश्न नाही. एकाग्रतेबद्दल लिहिते.

२५ मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत बहुतेकांना ठाऊक असेल. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन तरुणाने विद्यार्थिदशेत, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून ती सुरू केली. मेल, बिले, फॉर्म अशा कंटाळवाण्या आणि टाळाव्याशा वाटणाऱ्या कामांना ती उत्तम आहे, कारण २५ मिनिटे कोणीही रेटू शकते. ज्या कामात मनाला खोल उतरावे लागते तिथे ती माझ्या अजिबात उपयोगाची नाही. करारनाम्यातले एखादे लांबलचक कलम जुळत आले की घंटा वाजते. अशा कामासाठी मी दीड तासाची एकच बैठक ठेवते, सकाळी, आणि त्या वेळात मोबाइल दुसऱ्या खोलीत असतो. उलटा करून टेबलावर ठेवलेला मोबाइल पुरेसा दूर नसतो, हे कोणीही स्वतःवर पडताळून पाहावे.

'तिसरा मजला' यांनी एका मिनिटाच्या व्यत्ययाबद्दल जे लिहिले आहे त्याचा अभ्यास झालेला आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये असे दाखवले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरे काम बिघडते. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे उठण्यापूर्वी कागदावर एक ओळ लिहायची : कुठे थांबले, पुढे काय करायचे. 'कलम सात, "भरपाई"च्या व्याख्येशी ताडून पाहणे.' दहा सेकंद लागतात. मग दार उघडायला गेले तरी मन मागे रेंगाळत नाही आणि परतल्यावर शोधाशोध करावी लागत नाही.

ज्यांचे काम बोलण्याचे नसून वाचण्याचे आहे त्यांनी अधूनमधून घराबाहेरही बसावे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, आणि संदर्भ तपासण्याच्या निमित्ताने तिथे गेले की येता-जाता चालणेही होते. परतताना मी मासुंदा तलावाला एक फेरी घालते. संध्याकाळी तिथे इतकी गर्दी असते की चालण्याला वेग येत नाही. दुपारी चार ही चांगली वेळ आहे.

निवृत्त अभियंता, वाशी

मी वीज क्षेत्रात नोकरी केली. आता मुलगा आणि सून दोघेही घरून काम करतात आणि घरातली 'तांत्रिक सेवा' माझ्याकडे आहे. म्हणून थोडे त्या अंगाने.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांना प्रथमच कळले की लॅपटॉपची बॅटरी चालू असून उपयोग नाही, राउटर बंद पडतो. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी हाताच्या पंजाएवढा छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर पुरवठा चालू ठेवणारा बॅटरीचा संच, मिळतो. घेण्यापूर्वी अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून घ्यावेत. मात्र तुमच्या घरी येणारी तार साधी नेटवर्क केबल असेल तर इमारतीत कुठेतरी, बहुधा गच्चीवर किंवा जिन्यातल्या पेटीत, इंटरनेट पुरवठादाराचा स्विच, म्हणजे घरोघरच्या तारा जोडणारे उपकरण, असतो आणि तो विजेवर चालतो. त्याला बॅकअप नसेल तर तुमचा यूपीएस व्यर्थ. थेट घरापर्यंत फायबर येत असेल तर सहसा ही अडचण येत नाही. चौकशी केलेली बरी.

दुसरे, बंद खोलीत एसी लावून दोन माणसे दिवसभर बसली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, कारण साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. दुपारी येणारी पेंग जेवणामुळे येते तशी या कोंडलेल्या हवेमुळेही येते. दर दोन तासांनी दहा मिनिटे खिडकी उघडावी. एसी २४ ते २६ अंशांवर ठेवून पंखा लावला तर बिलही आटोक्यात राहते आणि खांदेही आखडत नाहीत.

तिसरा मजला

काका, आमच्याकडे जिन्यातल्या पेटीतच तो स्विच निघाला. केबलवाल्याला गाठले आहे. धन्यवाद.

कोलशेतकर

या चर्चेतून मला जे दिसते ते असे की स्वतंत्र खोली हाच अनेकांचा अडसर आहे, आणि ठाण्यातल्या भावांत आणखी एक खोली घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. आमच्या सोसायटीत यावर एक प्रयत्न चालू आहे. सभागृह वर्षातून पंधरा-वीस दिवस वाढदिवसांना आणि गणेशोत्सवाला वापरले जाते. एरवी त्याला कुलूप असते. कामाच्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ते सभासदांना बसून काम करण्यासाठी खुले करावे, असा प्रस्ताव आम्ही काही जणांनी समितीला दिला आहे. आत फोनवर बोलायचे नाही, बोलायचे असल्यास बाहेरच्या व्हरांड्यात जायचे. खाणे आत आणायचे नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात निम्मी जागा विद्यार्थ्यांसाठी ठेवायची, एवढ्यावर एकमत झाले आहे. टेबले मणकाताईंच्या हिशेबाने २८ इंचांपेक्षा उंच न घेता, खुर्च्या उंची बदलता येणाऱ्या घ्यायच्या, आणि पायांखाली ठेवायला लाकडी पाट सुताराकडून करून घ्यायचे, असा विचार आहे.

अडले आहे ते विजेच्या खर्चावर. काही सभासदांचे म्हणणे असे की जे वापरणार नाहीत त्यांच्या देखभाल शुल्कातून एसी का चालावा, आणि ते म्हणणे रास्त आहे. उपमीटर बसवून वापरणाऱ्यांकडून मासिक शुल्क घ्यावे, की प्रत्येक दिवसाचे कूपन काढावे, हे ठरत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि विषयपत्रिका त्याआधी सभासदांना पाठवायची आहे. ज्यांच्या सोसायटीत असा ठराव मंजूर झाला असेल त्यांनी शुल्क आकारणीचे कलम कसे लिहिले होते ते कृपया इथे द्यावे.